हिंगोलीचा समुद्रकिनारा

हळर्णकर सरांनी माझा प्रबंध पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. पानांमधून बाहेर डोकावणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या मला दिसल्या. या माणसानं प्रबंध वाचला होता.

आमच्या विद्यापीठाच्या विधी विभागात असं कधी होत नसे. मौखिकीला बाहेरगावचा परीक्षक सकाळच्या गाडीनं यायचा. विश्रामगृहावर अंघोळ, मग पोहे, मग विभागप्रमुखांशी जुन्या आठवणी. प्रबंध त्याच्या हातात पडायचा तो शाल-श्रीफळाच्या वेळी, फोटोपुरता. वाचायचा प्रघातच नव्हता.

"अख्खा वाचलाय, मॅडम," शेजारी बसलेला फुलारी माझ्या कानाशी पुटपुटला. "शेवटच्या प्रकरणातसुद्धा चिठ्ठी दिसतेय."

"गप्प बस."

"तिसऱ्या प्रकरणात तर चार आहेत."

फुलारी माझा गुरुबंधू. आम्ही दोघंही सावळगीकर सरांचे विद्यार्थी. डॉ. गजेंद्र सावळगीकर त्या वेळी विभागप्रमुख होते, अधिष्ठाता व्हायच्या बेतात होते आणि त्यांच्या नावावर विद्यापीठातल्या सगळ्यात जास्त पीएचड्या होत्या. याचं गुपित त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं टांगलेलं होतं. महाराष्ट्राचा नकाशा. सरांकडे पाच कायदे होते आणि तेव्हा राज्यात जिल्हे होते पस्तीस. प्रत्येक विद्यार्थ्याला एक कायदा आणि एक जिल्हा मिळायचा. 'ग्राहक संरक्षण कायदा: अंमलबजावणी आणि समस्या, विशेष संदर्भ जालना जिल्हा.' पुढचा विद्यार्थी आला की जालन्याच्या जागी धुळे. पीएचडी झाली की सर स्वतः उठून त्या जिल्ह्यावर रंगीत टाचणी टोचत. प्रत्येक कायद्याचा रंग वेगळा. पाहुण्यांना नकाशा दाखवताना त्यांचा चेहरा सरसेनापतीसारखा व्हायचा.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मला पोटगीच्या हुकमांवर काम करायचं होतं. कोर्ट बाईला पोटगी मंजूर करतं, पण पुढे ती तिच्या हातात पडते का, हे कुणी पाहत नाही. ते मला पाहायचं होतं. सरांनी मान वर करून नकाशाकडे बघितलं.

"पोटगी भरली," ते म्हणाले.

"म्हणजे, सर?"

"पोटगीचे सगळे जिल्हे गेले. नांदेड शेवटचा होता, तो फुलारीनं घेतला. तू अर्ज देऊन जा, मी काहीतरी बघतो."

त्यांनी बघितलं. संशोधन समितीच्या बैठकीत त्या दिवशी बरीच प्रकरणं होती आणि जेवणाची वेळ होत आली होती. माझा विषय सरांनी तिथल्या तिथे सांगितला आणि समितीनं तिथल्या तिथे मान्य केला. मला कळला तेव्हा त्यावर शिक्का पडला होता. 'सागरी किनारा नियमन कायदा: अंमलबजावणी आणि समस्या, विशेष संदर्भ हिंगोली जिल्हा.'

आधी मला वाटलं, टंकलेखनाची चूक असेल. मग मी सरांकडे धावले.

"सर, हिंगोलीला समुद्र नाही."

सर उठून नकाशापाशी गेले. बोटानं हिंगोलीपासून पश्चिमेकडे निघाले. परभणी लागलं, बीड लागलं, नगर लागलं, मग बोट थांबलं. किनाऱ्याचे सगळे जिल्हे या कायद्याच्या टाचण्यांनी भरलेले होते. हिंगोलीवर मात्र त्या रंगाची टाचणी नव्हती. त्यांनी बैठकीत कायदा एका हातानं उचलला होता आणि जिल्हा दुसऱ्या हातानं, एवढंच झालं होतं.

"यावर आजवर कुणी काम केलंय का?" त्यांनी वळून विचारलं.

"कोण करणार, सर?"

"मग झालं तर. यालाच रिसर्च गॅप म्हणतात."

"सर, विषय बदलता येईल ना? पोटगी नको तर नको, दुसरं काहीही चालेल."

"बदलता येईल की. नव्यानं अर्ज, नव्यानं समिती, नव्यानं नोंदणी. तोवर कॉलेजातली जागा भरून जाईल. आणि समितीपुढे काय सांगू? सावळगीकरांना समुद्र कुठे असतो ते माहीत नाही? बेलुरे तर टपूनच बसलाय." बेलुरे म्हणजे अधिष्ठातापदाचे दुसरे इच्छुक. सरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "लिही तू. पीएचडी घे. निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून मीच असणार. ती खुर्ची तुझी."

ती खुर्ची म्हणजे शहरातल्या विधी महाविद्यालयातली कायम प्राध्यापकाची जागा. मी तिथेच शिकवत होते, तासिका तत्त्वावर. जूनमध्ये नेमायचं आणि मार्चमध्ये नारळ द्यायचा, असं माझं बरीच वर्षं चाललेलं होतं. उन्हाळ्यात मी बेकार असायची आणि सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमच्या सूनबाई प्रोफेसर आहेत, पण सध्या नाहीत." कायमची एकच जागा निघणार होती, आणि तिला पीएचडी लागणार होती. मी लिहायला बसले.

माणूस अडला की काय काय लिहू शकतो, हे मला तेव्हा कळलं. पहिलं प्रकरण समुद्र या संकल्पनेवर. दुसरं हिंगोली जिल्ह्याचा भूगोल. त्यात कयाधू नदीवर मी अकरा पानं खर्च केली. तिसरं प्रकरण प्रत्यक्ष पाहणीचं. औंढ्याच्या बाजूला एका पारावर मी प्रश्नावली घेऊन बसले होते. 'आपल्या परिसरातील समुद्रकिनाऱ्यावर अनधिकृत बांधकाम आढळते काय?'

एक म्हातारेबुवा माझ्याकडे बघतच राहिले. "बाई, इथं प्याया पानी न्हाई, अन् तुमी समुंदराचं इचारता?"

दुसरे जरा व्यवहारी निघाले. "हाय म्हनून लिवा की. सरकार काही देत असंल तर हाय समुंदर."

मी 'नाही' लिहिलं. शेवटी सगळी उत्तरं 'नाही' अशीच आली. त्याचा गोल आलेख काढला तेव्हा अख्खं वर्तुळ एकाच रंगाचं झालं, भाकरीसारखं. निष्कर्ष आपोआप हाती आला: हिंगोली जिल्ह्यात या कायद्याचा एकही भंग आढळला नाही. शिफारस: हा आदर्श इतर जिल्ह्यांनी डोळ्यांपुढे ठेवावा. आणखी एक बारीकसा मुद्दा मी तळटीपेत टाकला होता. किनारा नियमन हा मुळात कायदाच नव्हे, ती कायद्याखाली काढलेली अधिसूचना आहे. विधी विभागाच्या समितीत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सरांनी ती तळटीप काढायला लावली.

मौखिकीला सोलापूरचे सरांचे मित्र यायचे होते. ते न वाचणाऱ्यांपैकी होते, सगळं ठरलेलं होतं. पण ऐनवेळी त्यांना कावीळ झाली आणि यादीतलं पुढचं नाव निघालं ते हळर्णकरांचं. कोकणातला माणूस. जन्म किनाऱ्यावर, घर किनाऱ्यावर, आणि किनारा नियमनावर त्यांची दोन पुस्तकं. कडक म्हणून ख्याती. दोघांना त्यांनी मौखिकीतून उठवून परत पाठवलं होतं, त्यातला एक तर एका संस्थाध्यक्षाचा मेहुणा होता.

सकाळी सरांनी मला खोलीत बोलावून सूचना दिल्या. "समुद्र हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"मग काय म्हणू?"

"प्रस्तुत कायद्याचा विषय. किनारा म्हणायचं नाही, 'संबंधित क्षेत्र' म्हण. प्रश्न मी वाटून दिलेत. संशोधनाची प्रेरणा काय, हे विभागातल्या देशपांडेबाई विचारतील. पाहणी कशी केली, हे फुलारी विचारेल. तिसऱ्याला वेळच उरणार नाही. श्रीखंड आलंय ना?"

"आलंय, सर."

"मग घाबरू नकोस."

तर अशी मी बसले होते आणि समोर पिवळ्या चिठ्ठ्या लावलेला माझा प्रबंध. माझी एकच खात्री होती. कुणीतरी तो प्रश्न विचारणार, समुद्र कुठे आहे, आणि माझ्या पीएचडीचं, नोकरीचं आणि सासूबाईंच्या त्या 'सध्या नाहीत'चं एका दमात व्हायचं ते होणार.

देशपांडेबाईंनी प्रेरणा विचारली. मी प्रेरणा सांगितली. मग फुलारी उठला. बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. त्याला तीनच शब्द विचारायचे होते, पण मदत करायच्या उत्साहात त्यानं त्यात भर घातली.

"मॅडम, पाहणीसाठी तुम्ही किनाऱ्यावर... किती वेळा गेलात?"

सर खुर्चीतून अर्धे उठले. फुलारीला आपण काय बोललो ते कळलं आणि तो चटकन खाली बसला, जणू बसल्यानं शब्द परत घेता येतात.

"थांबा," हळर्णकर म्हणाले. "याचं उत्तर मी देतो. माझं घर किनाऱ्यावर आहे. मी रोज उठून तेच पाणी बघतो, त्यामुळे मला ते दिसतच नाही. संशोधकाला अंतर राखावं लागतं. या बाईंनी राखलंय."

कुणीतरी टाळी वाजवली. मी चाटच पडले. त्यांनी पहिली चिठ्ठी उघडली.

"हा आलेख. एकाच रंगाचा का?"

"सर... उत्तरदात्यांमध्ये एकमत आढळलं."

"मी तीस वर्षं या विषयात आहे. इतकं एकमत मी कुठे पाहिलं नाही. आमच्याकडे दर दोन घरांमागे एक बांधकाम बेकायदा. तुमच्याकडे शून्य. अभिनंदन." दुसरी चिठ्ठी. "शिफारस धाडसी आहे." तिसरी चिठ्ठी. "कयाधूचं वर्णन सुरेख."

एकेक चिठ्ठी ते उघडत गेले, आणि एकेका चिठ्ठीवर कौतुक निघत गेलं. शेवटची मिटल्यावर त्यांनी प्रबंधावर हात ठेवला आणि पदवीची शिफारस जाहीर केली. तो प्रश्न कुणीच विचारला नाही. सरांनी डोळे पुसले. मला शाल मिळाली आणि फुलारीनं मला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली.

मला आनंद झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. इतका झाला की तो माणूस मूर्ख कसा निघाला, हा विचारही मी केला नाही. मूर्ख नव्हताच तो.

जेवताना मी स्वतः वाढत होते. सर आणि हळर्णकर शेजारी बसले होते. मी श्रीखंडाचं भांडं घेऊन पोचले तेव्हा हळर्णकर हळूच म्हणत होते, "मुलगा इथेच बँकेत बदलून आलाय. आमच्या सूनबाईंचं तेवढं बघा."

"माझ्यावर सोडा," सर म्हणाले. "तुम्ही आज आमचं बघितलंत, आम्ही तुमचं बघू. वाढ गं, ढगे, संकोच करू नकोस."

मला वाटलं, गॅसचं कनेक्शन असेल. त्या काळी ते लवकर मिळत नसे. मी हळर्णकरांना आग्रह करकरून श्रीखंड वाढलं.

महिन्याभरानं मुलाखत आली. मी ठेवणीतली साडी नेसले आणि नवी कोरी पदवी घेऊन कॉलेजात पोचले. शिपाई ओळखीचा. त्यानं "डॉक्टर मॅडम" म्हणून खुर्ची पुढे केली. बाजूच्या खुर्चीवर एक तरुण मुलगी बसली होती, माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान. गोड होती. घामेजलेले तळहात रुमालाला पुसत होती.

"तुमचीही मुलाखत?" तिनं विचारलं. "मला फार भीती वाटतेय हो. मी याआधी कुठे शिकवलेलंच नाही."

"होईल सगळं नीट," मी मोठ्या बहिणीसारखं म्हटलं. "नाव काय तुमचं?"

"रेवती हळर्णकर."

तीच पुढे बोलत राहिली. "सासरे म्हणाले, घाबरू नकोस, समितीत सावळगीकर सर आहेत. तुम्ही ओळखता त्यांना?"

"थोडंफार," मी म्हटलं.

श्रीखंडाच्या भांड्यापाशी ऐकलेलं सगळं मला तेव्हा लख्ख कळलं. पिवळ्या चिठ्ठ्या कशासाठी होत्या तेही कळलं. त्या माणसानं प्रबंध नीट वाचला होता, त्यात किती भोकं आहेत ते मोजलं होतं, आणि सरांना ती लांबून दाखवली होती. माझी पदवी मला मिळाली होती ती माझ्याच नोकरीच्या बदल्यात, आणि सौदा झाला तेव्हा मी दोघांना वाढत होते. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो राग अंगावरच्या साडीपासून सगळ्यावर आला.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आत मधल्या खुर्चीवर संस्थेचे अध्यक्ष, आण्णासाहेब. त्यांचा धंदा ट्रकांचा, पण माणूस मोकळा. एका बाजूला कुलगुरूंचे प्रतिनिधी, ते डुलकी घेत होते. दुसऱ्या बाजूला सर. टेबलावर माझा प्रबंध. मला वाटलं, सर माझ्याकडे बघणार नाहीत. पण ते बघत होते, अगदी मायेनं.

आण्णासाहेबांनी गाव, घर, किती वर्षं शिकवता ते विचारलं. मी सांगितलं. ते खूश दिसले. "मग या बाई आपल्याच की," ते म्हणाले. "पोरं पण चांगलं बोलतात यांच्याबद्दल. सर, तुम्ही विषयाचं काय विचारायचं ते विचारा, म्हंजे झालं."

सरांनी चष्मा नीट केला.

"डॉक्टर ढगे, तुमचा प्रबंध सागरी किनारा नियमनावर आहे. विशेष संदर्भ हिंगोली जिल्हा." ते थांबले. "हिंगोलीला समुद्र आहे का?"

प्रतिनिधींची डुलकी मोडली. आण्णासाहेबांनी एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि खो खो हसत सुटले. "हिंगोलीला? अहो, माझे ट्रक जातात रोज हिंगोलीला! समुद्र असता तर बोटी नसत्या घेतल्या?" त्यांना हसू आवरेना. "बाई, हे केलंय काय तुम्ही? अन् तुम्हाला हे करू दिलं कुणी? गाईड कोण होता हा शहाणा?"

चार वर्षं ज्या प्रश्नाला मी भ्याले होते, तो आता विचारून झाला होता. भीती गेली होती.

"पहिल्या पानावर नाव आहे, आण्णासाहेब," मी म्हटलं. "वाचा की. मोठ्यानं वाचा."

त्यांनी प्रबंध ओढून घेतला, पान उलटलं, बोट ठेवून वाचलं. "मार्गदर्शक... डॉक्टर गजेंद्र..." त्यांचं हसू थांबलं. "सर, हे तर तुमचं नाव."

मला वाटलं होतं, निदान एकदा तरी या माणसाचा चेहरा उतरलेला बघायला मिळेल. सर जागचे हलले नाहीत.

"माझंच आहे," ते शांतपणे म्हणाले. "म्हणूनच विचारलं. माझी स्वतःची विद्यार्थिनी समोर आहे, आण्णासाहेब. सोपा प्रश्न विचारला असता तर उद्या लोक म्हणाले असते, सावळगीकरांनी आपल्या माणसाला घुसवलं. मला ते जमत नाही. पोटच्या मुलीसारखी आहे ती मला, तरी सांगतो, संशोधनात ही त्रुटी आहे."

आण्णासाहेब कुलगुरूंच्या प्रतिनिधींकडे वळले. "बघितलं? याला म्हणतात निःस्पृह माणूस. आमच्या धंद्यात असा एक दाखवा." प्रतिनिधींनी जोरात मान हलवली. मला जायला सांगितलं. दारात रेवती उभी होती. मी तिच्यासाठी दार धरून ठेवलं.

निकाल त्याच दुपारी लागला. मी जिन्यापाशी होते तेव्हा सर मागून आले. एकटेच होते. माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी.

"रागावलीस, वैजयंता?"

मी एक पायरी खाली उतरले.

"अगं, पीएचडी झाली ना? ती झाली नसती तर काय केलं असतंस? माणसानं एका वेळी एकच मागावं. पुढच्या जागेच्या वेळी मी आहेच."

"सर," मी म्हटलं, "नोकरी द्यायची नव्हती, नसती द्यायची. पण चारचौघांत मला उघडं पाडायला तोच प्रश्न कशाला? दुसरा एखादा विचारला असतात तर काय बिघडलं असतं?"

सर खरोखरच विचारात पडले. कठड्याला टेकून त्यांनी डोळे बारीक केले, ओठ हलवत प्रकरणामागून प्रकरण आठवलं. मग मान हलवली. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात मला खोटं काही ऐकू आलं नाही.

"दुसरा कुठला विचारणार होतो मी, ढगे? पानन् पान वाचलंय मी तुझं. बाकी कुठे चूकच नाही त्यात."